राउटर रीसेट केला की आठ दिवस बरं, मग परत तेच: ऑफिसचं नेटवर्क पुन्हा पुन्हा हॅक होत असेल तर

फोन येतो तो एकाच वाक्याचा असतो. "दादा, परत झालं."

काय झालं तर जीएसटीचं पोर्टल उघडायला गेलं की मधेच रमीची नाहीतर सट्ट्याची जाहिरात उघडतेय, बँकेची साइट उघडली की लाल त्रिकोण येऊन कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय, ऑफिसातल्या पाचही कॉम्प्युटरवर तेच, स्टाफच्या मोबाइलवर पण तेच, आणि राउटरच्या पेजला पासवर्ड टाकला तर चुकीचा सांगतंय. मग कुणीतरी टाचणी घेऊन राउटरच्या मागचं बारीक भोक दहा सेकंद दाबून धरतं, केबलवाल्याचा मुलगा येऊन परत सेटिंग करून देतो, चहा पिऊन जातो, आठ-दहा दिवस सगळं झकास चालतं. मग परत फोन.

सांगलीतल्या एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात हे चार वेळा झालं. पहिल्या दोन वेळा मी पण रीसेटच केला आणि झालं म्हणून घरी आलो. तिसऱ्या वेळी मात्र झोप लागेना, कारण त्या ऑफिसात दोन-अडीचशे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे स्टेटमेंट, सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, आणि ते लोक म्हणजे आपलेच किराणावाले, हळदीचे व्यापारी, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाले. म्हणून चौथ्या वेळी दोन दिवस तिथेच ठाण मांडून बसलो आणि मूळ शोधलं. ते कसं शोधलं आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त केलं ते सविस्तर लिहितोय. क्रम हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण कामं बहुतेकांना माहिती असतात, ती उलट्या क्रमाने केली जातात आणि म्हणून सगळं परत येतं.

आधी रीसेटचं सांगतो. रीसेट केला म्हणजे राउटर धुऊन स्वच्छ झाला असं आपल्याला वाटतं. पण रीसेट राउटरला कारखान्यातून आला त्या अवस्थेत नेतो, म्हणजे अॅडमिनचा पासवर्ड परत तोच जो मागच्या स्टिकरवर छापलाय किंवा नुसता 'अॅडमिन', बाहेरून लॉगिन करायची सोय काही मॉडेलमध्ये परत चालू, यूपीएनपी (आतल्या मशीनांना आपणहून बाहेरचं दार उघडू देणारी सोय) चालू, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) चालू, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतला मूळ प्रोग्रॅम, जे जुनं होतं ते जुनंच. चोर ज्या दारातून आत आला ते दारच आपण स्वतः परत उघडून ठेवतो. इंटरनेटवर चोवीस तास आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, ते एकेक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनचा नंबर, घेऊन दार ढकलून बघत असतात, माणूस कुणी बसलेला नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, आला होता, त्याच्याकडे फक्त साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, सगळ्या कारखान्याच्या, आणि तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले. तो मेमरीत राहायचा त्यामुळे मशीन बंद-चालू केलं की जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत लागण. आपल्याकडे जे घडतंय त्याची जात तीच आहे.

आता रोग कुठे आहे ते ओळखायचं. याला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही.

जी साइट गडबड करतेय ती एकाच मोबाइलवर दोनदा उघडा, एकदा ऑफिसच्या वायफायवर आणि एकदा वायफाय बंद करून सिमच्या डेटावर. सिमवर नीट आणि वायफायवर गडबड, शिवाय दुसऱ्या मोबाइलवर पण तसंच, तर बहुधा राउटरमध्ये घुसखोरी आहे. फक्त एकाच कॉम्प्युटरवर गडबड आणि बाकी सगळे ठणठणीत असतील तर त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन्हीकडे असू शकतं, आमच्याकडे दोन्हीकडेच होतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये सिक्युअर डीएनएस नावाची सोय असते, काही अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतो, ती चालू असली तर ते मशीन साइटचा पत्ता राउटरला विचारतच नाही, म्हणून राउटर बिघडलेला असूनही त्या एका मशीनवर सगळं नीट दिसतं आणि आपण चुकीच्या माणसाला "तुझाच कॉम्प्युटर खराब आहे" म्हणतो. त्या ऑफिसातल्या एका ताईंच्या बाबतीत असंच झालं, त्यांचा कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट केला गेला, बिचाऱ्यांचं काम बुडालं आणि दोष मशीनचा नव्हताच.

मग कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, त्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एक स्पेस, तिरकी रेघ आणि ऑल (ipconfig /all). बऱ्याच ओळी येतात, त्यातली डीएनएस सर्व्हर्सची ओळ बघा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, तुम्ही बँकेचं नाव टाकलं की तो त्या बँकेच्या सर्व्हरचा नंबर देतो. तो सांगणाराच बदलला तर तुम्ही नाव बरोबर टाकूनही भलत्याच दारात जाऊन उभे राहता. तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ किंवा तुमच्या इंटरनेटवाल्याचा नंबर असेल तर ठीक, परदेशातला कुठलातरी अनोळखी नंबर असेल तर सापडलं. पण बहुतेक वेळा तिथे १९२.१६८.१.१ असं दिसतं, म्हणजे राउटर स्वतः, आणि लोक म्हणतात बरोबर आहे की. इथे फसू नका. कॉम्प्युटर राउटरला विचारतो आणि राउटर पुढे कुणाला विचारतो ते राउटरच्या आत लिहिलेलं असतं. राउटरच्या पेजवर दोन ठिकाणी बघायला लागतं, एक वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर आणि एक डीएचसीपीच्या (आतल्या मशीनांना नंबर वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर. आमच्याकडे डीएचसीपीचं पान साफ होतं आणि वॅनच्या पानावर पहिला नंबर चोराचा, दुसरा ८.८.८.८. हा दुसरा नंबर मुद्दाम ठेवलेला, चोराचा सर्व्हर बंद पडला तरी नेट चालू राहावं आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून.

लाल त्रिकोणाबद्दल इथेच सांगतो कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. डीएनएस बदलून चोराने तुम्हाला खोट्या साइटवर नेलं तरी त्याच्याकडे बँकेचं खरं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, नसतं, म्हणून ब्राउजर ओरडतो. तो ओरडतोय तोवर तुम्ही वाचलेले आहात. त्या ऑफिसात शेवटच्या तारखेच्या गडबडीत एकाने अॅडव्हान्स्डवर क्लिक करून तरीही पुढे जा असं केलं होतं आणि लॉगिन टाकलं होतं. मी त्याला रागावलो नाही, २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) भरायचा असताना डोक्यावर क्लायंट उभा असतो हे मला माहितेय, पण त्यानंतर मी पाचही मॉनिटरच्या खाली पट्टी चिकटवली, लाल पान आलं की हात काढायचा आणि मोबाइलच्या डेटावर जायचं.

राउटरच्या आत आणखी चार गोष्टी बघा. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून लॉगिन करायची सोय, चालू आहे का. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आत यायला उघडलेल्या दारांच्या, यादीत काय काय आहे. यूपीएनपीच्या यादीत काय आहे, ती वेगळी असते. आणि युजरच्या यादीत तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे. आमच्याकडे तिसऱ्या गोष्टीत डीव्हीआर निघाला. सीसीटीव्हीवाल्याने साहेबांना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून सोय करून दिली होती आणि त्यासाठी डीव्हीआरने यूपीएनपीमार्फत राउटरला सांगून स्वतःच दोन पोर्ट उघडून घेतले होते. डीव्हीआरचा पासवर्ड १२३४५६. फर्मवेअर बसवलं त्या दिवसाचं. आणि तो डीव्हीआर त्याच नेटवर्कवर ज्याच्यावर टॅलीचा सर्व्हर. म्हणजे बाहेरचा माणूस डीव्हीआरमध्ये आला की तिथून राउटरच्या लॉगिन पेजवर आतल्या बाजूने जातो, आणि तेव्हा रिमोट मॅनेजमेंट बंद असून पण उपयोग नाही कारण तो आता आतलाच झाला. दुसऱ्या रीसेटनंतर मी रिमोट मॅनेजमेंट बंद केलं होतं, तरी परत आलं त्याचं हे एक कारण. कॅमेरे लावणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही, पण आपण पैसे देताना एवढं तरी विचारलं पाहिजे की भाऊ पासवर्ड बदललास का.

चौथ्या गोष्टीत निघाला दुसरा युजर, इंटरनेटवाल्याचा. फायबरच्या डब्यात बऱ्याचदा दोन लॉगिन असतात, एक तुम्हाला दिलेलं आणि एक त्यांच्या लोकांसाठी जास्त अधिकाराचं. माझ्या पाहण्यात गल्लीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या लॉगिनचा पासवर्ड एकच. ते तुम्हाला बदलता येत नसेल तर त्यांना फोन करून बदलून घ्या, आणि तेही ऐकत नसतील तर त्या डब्याला ब्रिज मोडवर (डबा नेट नुसतं पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकायला सांगून मागे आपला स्वतःचा राउटर लावा. ब्रिज मोडलाही नाही म्हणाले तर त्यांच्या डब्याच्या मागे आपला राउटर तसाच लावा, थोडं बेंगरूळ होतं पण आपले कॉम्प्युटर आपल्या राउटरच्या आडोशाला येतात. माझं स्पष्ट मत, धंद्याच्या ठिकाणी फुकट मिळालेल्या डब्यावर विसंबू नये. राउटर निवडताना स्पीडच्या आधी एक बघा, त्या मॉडेलला अजून अपडेट येतात का. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने जगभरात ५ लाखांच्या आसपास राउटर आणि स्टोरेजचे डबे धरले होते, छोट्या ऑफिसात आणि घरात असतात तसलेच, आणि त्यातल्या कितीतरी डब्यांमधल्या खोडी आधीपासून सगळ्यांना माहिती होत्या.

आता कॉम्प्युटरकडे. चौथ्या वेळचं खरं मूळ इथे होतं. राउटरचा पासवर्ड मी चांगला सोळा अक्षरी ठेवलेला, तो कुणी अंदाजाने काढणं शक्य नाही, तरी बदलला गेला. कसा? तर मी तो ज्या कॉम्प्युटरवरून बदलला त्याच कॉम्प्युटरवर चोर बसला होता. बदलताना क्रोमने विचारलं पासवर्ड सेव्ह करू का, केला सेव्ह, आणि संध्याकाळपर्यंत तो पासवर्ड बाहेर.

त्या मशीनवर पीडीएफ एडिटरचं क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली फुकट प्रत, टाकलेलं होतं. चलन आणि फॉर्म जोडायला, पानं काढायला लागतो म्हणून कुणीतरी यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवलेलं. सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की आधी अँटीव्हायरस बंद करा नाहीतर चालणार नाही, आणि माणूस बंद करतो. हे जे इन्फोस्टीलर म्हणतात ते ब्राउजरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय याची ब्राउजरने ठेवलेली खूण) उचलून पाठवून देतात, काही मिनिटांचं काम, स्क्रीनवर काही दिसत नाही. कुकी गेली म्हणजे चोराला पासवर्ड आणि ओटीपी दोन्हीची गरज नाही, तुमचं आधीच उघडलेलं दार तो वापरतो. मोफत मिळालेल्या क्रॅकची किंमत दोन-अडीचशे क्लायंटांनी मोजावी हे मला अजून सहन होत नाही. पानं जोडायची फुकट आणि कायदेशीर साधनं आहेत, उदाहरणार्थ पीडीएफसॅम, ती टाका.

तपासताना सगळ्यात आधी विंडोज सिक्युरिटी उघडून एक्स्क्लूजन्सची यादी बघा, म्हणजे अँटीव्हायरसने कुठे बघू नये याची यादी. क्रॅक आणि अॅक्टिव्हेटर स्वतःचं फोल्डर तिथे घालतात, आमच्याकडे तर अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. म्हणजे डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालू, हिरवी टिकमार्क, रोज स्कॅन, आणि बघत काहीच नव्हता. ती यादी रिकामी करा. मग स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर, ब्राउजरची एक्स्टेंशन, आणि प्रॉक्सी सेटिंग (सगळी ये-जा दुसऱ्या मशीनमार्फत वळवणारं) चालू आहे का ते. काळ्या खिडकीत नेट स्पेस युजर (net user) टाकलं की त्या मशीनवरचे सगळे युजर दिसतात, ओळखीचं नाव नसेल तर विचारा कुणी केलं. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, पंधरा मिनिटं लागतात.

पण स्कॅन साफ आला म्हणून मशीन साफ असं मी धरत नाही. स्टीलर एकदा सापडला की डेटा काढून घ्यायचा, फक्त डॉक्युमेंट, प्रोग्रॅम नाही, आणि विंडोज कोरं टाकायचं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या चांगल्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवून, दुकानातल्या जुन्या सीडीवरून नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच, आणि अजून विंडोज ७ असलेली मशीनं मला पेठेत दिसतात, त्यावर बँकिंग चालू. मे २०१७ मध्ये वॅनाक्राय नावाच्या मालवेअरने जगभर फाइली कुलूपबंद केल्या तेव्हा ज्या खोडीतून तो शिरत होता तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने आधी. अपडेट पुढे ढकलणं किती महाग पडतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहिती नाही.

आता क्रम, जो मी शेवटी लावला आणि जो टिकला. शनिवारी दुपारी ऑफिस बंद झाल्यावर सुरू केलं, कारण मधे कुणी येऊन "फक्त दोन मिनिटं मेल बघतो" म्हटलं की सगळं फुकट जातं.

आधी इंटरनेटची वायर राउटरमधून काढली. सगळे कॉम्प्युटर नेटवरून सोडवले, डीव्हीआर पण. डीएनएसच्या पानाचे, पोर्टच्या यादीचे, युजरच्या यादीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, पुरावा म्हणून, हे रीसेटच्या आधी करायचं, नंतर काही राहत नाही. मग कॉम्प्युटर साफ केले, सगळ्या आधी कॉम्प्युटर. ते साफ झाल्याची खात्री झाल्यावर राउटर रीसेट, नेट न जोडता वायरने एका कोऱ्या मशीनवरून सेटिंग, अॅडमिनचा पासवर्ड बदलला, रिमोट मॅनेजमेंट बंद, यूपीएनपी बंद, डब्ल्यूपीएस बंद, दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवलेलं नवीन फर्मवेअर टाकलं, डीएनएस हाताने ९.९.९.९ घातला, हा क्वाड९ चा, माहितीतल्या घातक साइट तो उघडूच देत नाही. आणि मग कुठे इंटरनेटची वायर जोडली. ही वायर शेवटी जोडायची. केबलवाल्याचा मुलगा आधी वायर जोडतो, नेट चालू झालं की नाही बघतो आणि निघून जातो, पासवर्ड बदलायचा राहतोच, ती मधली वेळ त्या दार ढकलणाऱ्या प्रोग्रॅमना पुरते.

पासवर्ड बदलणं सगळ्यात शेवटी, साफ मशीनवरून. लोक घाबरून हे पहिल्यांदा करतात, त्याच लागण झालेल्या कॉम्प्युटरवर बसून, आणि चोराला नवीन पासवर्ड हातात देतात. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्याचे रीसेट तिकडेच येतात, मग बँक, मग आयकर, मग जीएसटी. पासवर्ड बदलून थांबायचं नाही, जीमेलमध्ये जाऊन कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघून सगळी बाहेर काढायची, व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमधली पण. ईमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, आमच्याकडे एक फिल्टर सापडला जो बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकत होता. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय ओटीपीसारखा दुसरा पुरावा, जिथे मिळेल तिथे चालू करा, ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसला तर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच सक्तीचं आहे. एक्सेलमधले पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड ठेवायच्या अॅपमध्ये हलवले, ताईंना आधी जड गेलं, पंधरा दिवसांनी त्याच म्हणाल्या की शोधाशोध वाचली.

डीएससीच्या टोकनचं राहिलं. कन्सल्टंटांच्या ऑफिसात क्लायंटांच्या डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे टोकन डब्यात ठेवलेले असतात, प्रत्येकाला पिनची चिठ्ठी चिकटवलेली, आणि एखादं दिवसभर मशीनला लावलेलंच. मशीनचा ताबा दुसऱ्याकडे असेल आणि टोकन लावलेलं असेल तर तो तुमच्या क्लायंटच्या नावाने सही करू शकतो. सही झाली की टोकन काढायचं, डबा कपाटात, चिठ्ठ्या फाडायच्या. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतः उठून चिठ्ठ्या काढायला लागले.

वायफायच्या पासवर्डवर थोडं बोलतो. आपल्याकडे ऑफिसचा वायफाय पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर, आणि तोच नंबर बाहेर बोर्डवर मोठ्या अक्षरात. बोर्डवर नसला तरी डब्ल्यूपीए२ (वायफायच्या कुलपाची एक पद्धत) मध्ये कुणी रस्त्यावर गाडीत बसून तुमचा एखादा फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण पकडली की पुढचा अंदाज तो घरी जाऊन सावकाश लावू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता, ऐकायला प्रचंड वाटतं पण चांगल्या ग्राफिक्स कार्डला ते काही तासांचं काम आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरात जोडून लिहा, वीस-पंचवीस अक्षरं होतात, लक्षात राहतात आणि कुठल्याही डिक्शनरीच्या यादीत ती जोडणी नसते. म्हण किंवा अभंगाची ओळ नको, ती यादीत असू शकते. डब्ल्यूपीएस बंद का, तर त्याचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे १० कोटींच्या जागी ११ हजारच शक्यता उरतात, हे २०११ मध्येच उघड झालंय. वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठराविक मशीनांनाच आत घेणारी यादी) यात वेळ घालवू नका, दोन्ही गोष्टी हवेतून सरळ वाचता येतात.

आणि क्लायंटला, पाहुण्याला, चहावाल्याच्या पोराला ऑफिसचा पासवर्ड नको. गेस्ट नेटवर्क चालू करा, त्यावरचे फोन ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकत नाहीत. स्टाफचे मोबाइल पण गेस्टवरच. डीव्हीआरला पण मी वेगळं काढलं, मोबाइलवर कॅमेरे कंपनीच्या अॅपमधून दिसतात त्यासाठी पोर्ट उघडायची गरजच नव्हती. एक जण काम सोडून गेला की वायफायचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलायचा, तो माणूस कितीही चांगला असला तरी, कारण त्याचा फोन उद्या कुणाच्या हातात असेल ते त्यालाही माहिती नाही.

घरून काम करण्यासाठी साहेबांनी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसचं मशीन लांबून चालवायची विंडोजची सोय, उघडून ठेवला होता का ते पण मी बघितलं, सुदैवाने नव्हता. तुमच्याकडे पोर्टच्या यादीत ३३८९ दिसला तर आजच्या आज काढा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवाल्यांचा तो अगदी आवडता रस्ता आहे. नंबर बदलून दुसरा ठेवला तरी शोधणाऱ्याला सापडतोच. टेलस्केलसारखा व्हीपीएन, म्हणजे आपल्या मशीनांमधला खाजगी बंद रस्ता, टाका, बाहेर काहीच उघडं ठेवायला लागत नाही. एनीडेस्क ठेवायचंच असेल तर काम झालं की बंद, आणि न विचारता आत येऊ देणारा पासवर्ड काढून टाका.

बॅकअप. त्या ऑफिसात टॅलीचा बॅकअप रोज व्हायचा, पण ज्या हार्डडिस्कवर व्हायचा ती कायम सर्व्हरला लावलेली. फाइली कुलूपबंद करणारा आला असता तर त्याने डिस्क पण केली असती. आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून, एक ऑफिसच्या कपाटात काढून ठेवलेली आणि एक साहेबांच्या घरी, शिवाय एक प्रत क्लाउडवर जिथे जुन्या आवृत्त्या राहतात. महिन्यातून एकदा ताई बॅकअपवरून एका कंपनीचा डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघतात. पहिल्यांदा केलं तेव्हा एक बॅकअप उघडलाच नाही, बरं झालं तेव्हाच कळलं.

पैसे गेले असतील तर यातलं काही करत बसू नका, आधी १९३० ला फोन, मग बँकेला, आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरायच्या आधी नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, नेदरलँड्सच्या पोलिसांनी आणि युरोपोलने २०१६ मध्ये काही कंपन्यांबरोबर सुरू केलेली, काही जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आणि क्लायंटांना सांगा. साहेबांना ते फार कठीण गेलं, वीस वर्षांची इभ्रत, पण त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं की पासवर्ड बदलून घ्या, आमच्याकडून गेला असू शकतो. एकही क्लायंट सोडून गेला नाही.

सात महिने झाले, परत झालेलं नाही. दर एक तारखेला मी किंवा ताई वॅनचं पान, पोर्टची यादी, युजरची यादी आणि डिफेंडरची एक्स्क्लूजन्स एवढी चार पानं बघतो, दहा मिनिटं लागतात. तुमच्याकडे हे सगळं याच क्रमाने करूनही परत आलं तर राउटरचं फर्मवेअरच बदललेलं असू शकतं, तेव्हा तो डबा दुरुस्त करत बसू नका, काढलेले फोटो जपून ठेवा आणि नवा राउटर आणा, आणि त्याला इंटरनेटची वायर जोडायच्या आधी पासवर्ड बदला.